मुलीच्या रेघेवरची सही

फोनवरची बाई रागावली नाही, हेच अमरेशला जास्त लागलं. ती रागावली असती तर त्याने दोन शब्द ऐकून घेतले असते, चुकलं म्हणाला असता आणि विषय तिथेच मिटला असता. आडतीच्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला रागावलेल्यांशी कसं बोलायचं ते बरोबर कळतं. पण मुंबईच्या त्या मोठ्या इस्पितळातली ही बाई अगदी हळू, पोराला गणित समजावून सांगावं तशी बोलत होती. "पालकांच्या सह्या बरोबर आहेत. पण शेवटच्या पानावर मुलीने स्वतः सही करायची जागा आहे, तिथेही तुम्हीच सही केली आहे. 'श्रीदेवी करिता' असं लिहून." दुकानात तुरीच्या पोत्यांची थप्पी लागत होती, हमालांच्या पायांखालून धुरळा उठत होता, आणि अमरेश एका कानावर हात दाबून उभा होता. "करिता लिहिलंय की," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्यालाच आपलं बोलणं कसंसं वाटलं. "हो, पण ती बारा वर्षांची आहे. तिला विचारावं लागतं. तिने स्वतः हो म्हटल्याशिवाय औषध सुरू करता येत नाही. सोमवारी तुम्ही आलात की डॉक्टर तिच्याशी बोलतीलच, पण आधी घरी तुम्ही बोललात तर बरं. मुलांसाठी वेगळं निळं पत्रक आहे फाईलमध्ये." मग तिने विचारलं, "आत्तापर्यंत तिला किती सांगितलंय तुम्ही?" बोलतो, बोलतो, असं म्हणून अमरेशने फोन ठेवला. त्याने उत्तर दिलं नव्हतं, आणि बाईनेही ते पुन्हा मागितलं नव्हतं.

'करिता' हा शब्द त्याच्या हाताला एकोणिसाव्या वर्षापासून लागला होता. वडिलांचा, चन्नप्पांचा हात तेव्हा नुकताच थरथरायला लागला होता, आणि दुधनीहून येऊन सोलापूरच्या मार्केट यार्डात जम बसवलेल्या त्या करारी माणसाला आपली वाकडी सही चारचौघांनी बघावी हे सोसत नव्हतं. मग पावतीवर, गेटपासवर, बँकेच्या कागदावर, 'चन्नप्पा करिता' आणि खाली अमरेशची लफ्फेदार सही. पुढे माल घालून चहाला गेलेल्या शेतकऱ्याकरिता, गावाला गेलेल्या मुनिमाकरिता, बायकोच्या गॅसच्या पुस्तकावर बायकोकरिता. यार्डात याला कोणी चूक म्हणत नाही, उलट अडलेलं काम पुढे सरकवणारा माणूस म्हणून नाव होतं. आठ दिवसांपूर्वी मुंबईत काउंटरवरच्या मुलीने अकरा पानं समोर ठेवली, जिथे जिथे रिकामी रेघ होती तिथे तिथे तो सही करत सुटला. श्रीदेवी तेव्हा आत मशीनमध्ये होती. अंगावर धातूचं काही चालणार नाही म्हणाले, तेव्हा तिने गळ्यातली लिंगाची चांदीची डबी स्वतःच काढून त्याच्या हातात दिली होती. "सांभाळा पप्पा, खाली ठेवू नका." लहानपणी दीक्षा झाल्यापासून ती डबी तिच्या गळ्यातून निघाली नव्हती, आणि या आजारात इतक्या वेळा निघाली की तिचा दोरा बदलावा लागला. ती डबी त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी होती. पेन काढताना बोटांना लागली. तरी त्याने सही केली, एकही ओळ न वाचता, मागे रांग लागली आहे या घाईने. मागे रांग नव्हतीच, हे त्याला आत्ता आठवलं.

तो मुनिमाला काही न सांगता स्कूटरवर बसला. यार्डातून घरी विजापूर रोडला जायला फार वेळ लागत नाही, पण आज त्याला तो रस्ता लांबायला हवा होता. ऊन चढलं होतं. सिग्नलला थांबल्यावर त्याच्या मनात आलं, तिला किती सांगितलंय? दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या वर गाठ आली, ती खोखो खेळताना पडल्याची सूज असेल म्हणून महिनाभर लेप लावला, तेव्हा तिला सांगितलं होतं सूज आहे. मग हाडाचा कॅन्सर निघाला, तेव्हा सांगितलं हाडात इन्फेक्शन आहे. केस गेले, तेव्हा सांगितलं येतील, आणि ते आलेही, दाट, कुरळे, आधीपेक्षा चांगले. तेवढ्या चार महिन्यांत घरातल्या सगळ्यांनी आपण खोटं बोललो होतो हे विसरून टाकलं. मग छातीच्या फोटोत ठिपके दिसले. इथल्या डॉक्टरबाईंनी त्याला आणि बायकोला, महेश्वरीला, बसवून घेतलं, पंखा बंद केला आणि सांगितलं, आता बरं करणारं औषध माझ्याकडे नाही, त्रास कमी करणारं आहे आणि ते मी शेवटपर्यंत देईन. मुंबईला एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, तिथे विचारून बघायचं असेल तर चिठ्ठी देते. मुंबईच्या डॉक्टरांनीही काही लपवलं नाही. हे औषध अंगाला किती झेपतं ते बघण्याची ही पहिली पायरी आहे, म्हणाले, तुमच्या मुलीला फायदा होईलच असं समजू नका. इथे राहावं लागेल, आठवड्याला रक्त, दोनदा छातीतून तपासायला तुकडा काढणार. महेश्वरीने बाहेर आल्यावर विचारलं, "होईलच असं नाही म्हणजे होईलही, नाही का ओ?" आणि अमरेशनेही नेमकं तेवढंच ऐकलं होतं. आईबापाचा कान असाच असतो, शंभर शब्दांतला आपल्या कामाचा एक उचलतो आणि बाकीचे तिथेच टाकून घरी येतो.

घरात ज्याचं त्याचं मत होतं. चन्नप्पा देवघरासमोर बसून म्हणायचे, सिद्धरामाच्या मनात असेल ते होईल, आणि एवढं बोलून झालं की अर्धा तास कोणाशी बोलायचे नाहीत. महेश्वरीचं म्हणणं सरळ होतं. "उद्या मला कुणी विचारलं, सगळं करून बघितलं का, तर काय सांगू? आणि कुणी नाही विचारलं तरी मी मलाच विचारणार की." त्याचं स्वतःचं मत काय, हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही ते स्वतःपाशी उघडून पाहिलं नाही. बापाने नको म्हणायचं म्हणजे काय? ते दोन अक्षरांचं तोंडातून निघतं कसं? मुंबईच्या धर्मशाळेत सांगोल्याकडचा एक मेंढपाळ भेटला होता, धुळाप्पा. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा त्याच चाचणीत होता. पहाटे नळावर तोंड धुताना अमरेशने त्याला विचारलं होतं, कसं ठरवलंत? धुळाप्पाने खांद्यावरच्या टॉवेलने सावकाश तोंड पुसलं. "इचारलं की त्येला. म्हनला, करू बाबा. त्यो लई चिवट हाय, त्येला झुंजायचंच हाय. मग म्या म्हनलं, चल. त्येच्या कामाला न्हाय आलं तर दुसऱ्या कुनाच्या पोराला यील की." त्याच्या बोलण्यात दुःख होतं, पण खळखळ नव्हती. अमरेशला तेव्हा त्याचा हेवा वाटला होता, आणि आपल्याला हेवा कशाचा वाटतोय तेच कळलं नव्हतं. आता कंबर तलावाच्या कडेला झाडाखाली स्कूटर लावून तो उभा राहिला, तेव्हा कळलं. धुळाप्पाने विचारलं होतं.

तलावाच्या पाण्यावर शेवाळाचा हिरवा थर होता आणि दोन बगळे एकमेकांची ओळख नसल्यासारखे लांब लांब उभे होते. अमरेशला एक गोष्ट टाळायची होती आणि ती टळत नव्हती. सही चालत नाही असं ती बाई म्हणाली त्या क्षणी, लाज वाटायच्या आधी, त्याला काहीतरी दुसरंच वाटलं होतं. बरं वाटलं होतं. आठ दिवस छातीवर ठेवलेलं पोतं कोणीतरी एका बाजूने उचलून धरावं, तेवढं. पोरगी हातची जाणार, शेवटची वाट दिसते आहे, ती बंद होऊ शकते असं कोणी सांगतंय, आणि बापाला बरं वाटतंय. असा कसा बाप, असं त्याने स्वतःला विचारलं, आणि चांगलं खडसावून विचारलं. पण बरं वाटणं गेलं नाही. ते तिथेच राहिलं, हट्टी, आणि त्याच्यामागून एकेक चित्र यायला लागलं. मुंबईच्या त्या मशीनमधून बाहेर आल्यावर श्रीदेवीने कोणाकडे न बघता नुसता हात पुढे केला होता, डबीसाठी. तिच्या दंडावरची शीर सापडत नव्हती म्हणून तिसऱ्यांदा सुई घातली तेव्हा ती ओरडली नाही, नर्सलाच म्हणाली, असू दे, असू दे. बारा वर्षांच्या पोरीने असू दे म्हणायला कुठे शिकावं? परतीच्या गाडीत दौंडनंतर ती जागी झाली होती. काळ्या मातीचं शिवार लागलं तशी खिडकीला नाक लावून म्हणाली होती, आता आपलं आलं. त्याने तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. कारण अकरा पानांवर सह्या होऊन गेल्या होत्या. त्याने स्कूटर चालू केली.

घरी शिरला तेव्हा स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. सोमवारच्या प्रवासासाठी महेश्वरी सकाळपासून भाकऱ्या करत होती, वाळवून कडक केल्या की मुंबईत महिनाभर टिकतील म्हणून. चन्नप्पा मठात गेले होते. श्रीदेवी बाहेरच्या खोलीत कॉटवर उशीला टेकून बसली होती, पाय पांघरुणात, हातात चित्रांची वही. "आज लवकर?" ती म्हणाली. अमरेशने कपाटावरची फाईल काढली, त्यातून निळा कागद काढला, आणि तो हातात धरून उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने तलावापासून इथपर्यंत तीनदा जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्य आता जागेवर नव्हतं. श्रीदेवीने कागदाकडे पाहिलं. "हे वाचलंय मी. परवाच. फाईल वर ठेवली की मला दिसत नाही असं वाटतं का तुमाला?" त्याने कॉटच्या कडेवर बूड टेकलं. ती पुढे म्हणाली, "दोनदा वाचलं. तुमी वाचलंत का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. खोटं बोलायला जागाच नव्हती. तिने कागद त्याच्या हातातून घेतला आणि शाळेत धडा वाचावा तसा वाचायला लागली, बोट ओळीखाली धरून. 'तुझ्या आजारावर आत्ता दिलेली औषधं काम करत नाहीत.' 'हे नवं औषध तुला बरं करेल असं आम्ही सांगू शकत नाही.' 'त्याने उलट्या होतील, ताप येईल, कदाचित इस्पितळात राहावं लागेल.' तिचा आवाज कुठेच अडखळला नाही. जे दोन वर्षं घरातली तीन मोठी माणसं दारं लावून एकमेकांशी कुजबुजत होती, ते ही पोरगी कॉटवर बसून मोठ्याने वाचत होती आणि छत कोसळलं नव्हतं. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. 'तू नाही म्हणालीस तरी कोणी तुझ्यावर रागावणार नाही.' तिने मान वर केली. "हे खरंय का पप्पा?"

"खरंय की. ते डॉक्टर लोक रागावत नसतात."

"डॉक्टर नाही. कोणी म्हणून लिहिलंय. मम्मी रागावणार नाही? अज्जा? तुमी?"

आता एका वाक्यावर सगळं येऊन ठेपलं होतं, आणि ते वाक्य त्याच्याकडे होतं. बोलणं कुठे जड करायचं आणि कुठे हलकं, समोरच्याला आपल्या बाजूला कसं कलंडवायचं, हे त्याला येत होतं; पोटच यावर भरलं होतं. नुसतं म्हणायचं, रागावणार नाही गं, पण मम्मीला लई वाईट वाटेल. बस. ती निमूट सोमवारी गाडीत बसली असती, दंड पुढे केला असता, असू दे म्हणाली असती. महेश्वरीच्या मनाला आयुष्यभर पुरेल असं उत्तर मिळालं असतं, आणि त्यालाही. पोरीच्या हातची खरी सही मिळाली असती, आणि ती त्याच्या त्या सहीपेक्षाही खोटी असती. त्याने तिच्याकडे पाहिलं. कुरळे केस पुन्हा विरळ व्हायला लागले होते. ती उत्तराची वाट बघत होती आणि घाई करत नव्हती.

"रागावणार नाही," तो म्हणाला. "कोणीच नाही. वाईट वाटेल. पण तू हो म्हणालीस तरी वाटणारच आहे, त्याचं तू बघू नको. ते आमचं आमी बघू."

ती कागदाची घडी घालत, उलगडत राहिली. "आणि हितं लिहिलंय, पुढं दुसऱ्या मुलांना उपयोग होईल. त्यांचं?"

"त्यांच्यासाठी हो म्हणणारी पोरं आहेत. मुंबईत एक बघितलं मी, नऊ वर्षांचं आहे, लई धीराचं. त्याला करायचंय. ज्याला जमतंय त्यानं करावं." मग त्याने पहिल्यांदा तिला विचारलं. आवाज त्याला स्वतःचाच वाटेना. "तुला जमेल का, श्री?"

"आधी जमलं असतं. आता लई कंटाळा आलाय पप्पा. तिथं नको. हितंच राहू की आपण." आणि नीट कळावं म्हणून, "मला नको."

स्वयंपाकघरातलं थापणं थांबलं. नेमकं कधी थांबलं ते अमरेशला सांगता आलं नसतं, पण आता घरात फक्त पंख्याचा आवाज होता. तो तिकडे बघायला धजला नाही. त्याच्या छातीवरचं जे पोतं सकाळी एका बाजूने उचललं गेलं होतं ते आता सगळंच खाली उतरलं, आणि त्याच वेळी त्याला भीती वाटली, की आपलं ओझं आपण या पोरीच्या डोक्यावर ठेवून मोकळे होतोय. उद्या तिला वाटायला नको की हे तिने एकटीने ठरवलं. म्हणून तो म्हणाला, आणि बोलल्यावर त्याला कळलं की हे तिच्या सोयीसाठी बोललेलं नव्हतं, खरंच होतं. "मलापण नको होतं."

"मग सही कशाला केली?"

"सवय," तो म्हणाला. श्रीदेवी हसली. खोकला येईपर्यंत हसली.

महेश्वरी दारात उभी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठाने पांढरे, ते अंगापासून लांब धरलेले. पोरीला तिने कानडीत विचारलं, घरात खरं बोलायचं असलं की ती कानडीतच बोलायची. "बेडा?"

"बेडा, मम्मी. नको."

महेश्वरी तिथेच उंबऱ्यावर बसली. अमरेशला वाटलं, आता रडेल, भांडेल, निदान त्याला तरी धरेल. ती नुसती हातांवरचं पीठ बघत बसली. "मी तुला हो म्हणायला लावणार होते," ती म्हणाली. "माहीत आहे," श्रीदेवी म्हणाली. "मला वाटायचं, नको म्हटलं म्हणजे मी हात सोडला तुझा," महेश्वरी म्हणाली. मग तिने डोळे पुसले, पीठ कपाळाला लागलं, आणि दोन वर्षांत अमरेशने ऐकला नव्हता असा एक लांब श्वास तिने सोडला. "तव्यावरची जळाली," ती म्हणाली. उठताना तिने त्याच्या खांद्याचा आधार घेतला, आणि सदऱ्यावर पाच बोटं उमटली.

मुंबईला फोन करताना त्याने मनातल्या मनात खुलाशाची तयारी केली होती. काही लागलं नाही. बाई तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली, "ठीक आहे. तिला सांगा, तिने विचार करून सांगितलं, छान केलं. मन बदललं तर कधीही फोन करा." इथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, दुखण्याचं औषध वाढवून देते, उद्या घरीच येते. एवढंच. एवढंच असतं तर आठ दिवस आपण कशाखाली दबलो होतो, असं त्याला वाटलं. दुःख होतं तिथेच होतं, त्याची जागा इंचभरही हलली नव्हती. पण त्याच्याभोवती आता बसायला, पाय पसरायला, पाणी प्यायला जागा झाली होती. त्याचा जीव भांड्यात पडला होता, आणि याची लाज वाटून घ्यायला त्याला वेळ नव्हता, कारण श्रीदेवी हाका मारत होती.

नको म्हणता येतं, हे कळल्यावर तिने ते वापरायला काढलं. "पपईच्या पानांचा रस आहे ना, तो पण नको." अमरेशने स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून आवाज आला, "बरं." "आणि ती लोकरीची टोपी, टोचते. आणि समोरच्या गिरिजाबाईंना सारखं येऊ देऊ नका. त्या येऊन रडतात, मग मलाच उठून त्यांना पाणी द्यावं लागतं." महेश्वरी आत हसली, की हुंदका होता, पण हसल्यासारखंच वाटलं. "अजून?" अमरेशने विचारलं. त्याला आता ही यादी लांबावी असं वाटत होतं, तिने बसून दिवसभर नको म्हणावं आणि त्याने बरं म्हणावं. श्रीदेवीने पांघरुणाची कड बोटाला गुंडाळली.

"मी झोपले की तुमी येऊन नाकापाशी बोट धरता ना, ते नको. मला जाग येते. मग मी मुद्दाम मोठा श्वास घेते, तुमाला कळावं म्हणून."

किती महिने ही पोर डोळे मिटून, बापासाठी श्वास ओढत पडून राहिली होती, याचा हिशेब करायला त्याचं मन तयार होईना. "बरं," तो शेवटी म्हणाला. "नाही धरणार."

दुपारी तिघांनी तव्यावरून उतरलेल्या मऊ भाकऱ्या खाल्ल्या, शेंगाची चटणी आणि दही. वाळत घातलेल्या भाकऱ्या गच्चीवरच राहिल्या, कोणी वर गेलं नाही. श्रीदेवीने औषध घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. अमरेश खुर्ची ओढून जवळ बसला. तिचा खांदा हलतोय की नाही ते कळत नव्हतं. त्याचा हात दोनदा आपोआप उचलला गेला, दोनदा त्याने तो परत मांडीवर ठेवला, मग दोन्ही हात काखेत दाबून बसला. बाहेर कोणीतरी भंगारवाला ओरडत गेला. पंखा फिरत होता. त्याला जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलं होतं आणि मान आखडली होती. श्रीदेवी कुशीवर वळून, हात गालाखाली घेऊन, केव्हाची त्याच्याकडे बघत पडली होती.

"काय बघलालीस?" तो दचकून म्हणाला.

"लई घोरता तुमी," ती म्हणाली.